लेखणीवाले पोलीस

आमच्या व्याह्यांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं, तर ते आधी विचारणाऱ्याच्या वडिलांचं पूर्ण नाव विचारून घेत. मग गाव. मग वडील काय करायचे. एवढं समजलं की मगच "मी बरा आहे" असं सांगत. साताऱ्याकडे हे चालून जातं. इथे सातासमुद्रापार, मलिंगारमध्ये, बसमध्ये चढता चढता ड्रायव्हरला हे विचारलं, तर मागे सगळी रांग पावसात उभी राहते. पण गंमत अशी की ड्रायव्हर सांगायचा. वडिलांचंच नव्हे, आजोबांचंही सांगायचा. इथल्या माणसांनाही कोण कुणाचा आणि कुठल्या गावचा, हे बोलायला फार आवडतं. आमचे व्याही तेवढ्यासाठीच इथे रमले, असं मला वाटतं. हवा तर त्यांना मुळीच मानवत नव्हती.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. सून इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. मुलगा घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो. मी नातीला सांभाळायला आले ती राहिलेच. व्याही एकटे, म्हणून दर उन्हाळ्यात लेकीकडे येत. मग एका घरात विहीण आणि व्याही. आमच्याकडे विहिणीनं व्याह्यांशी समोरासमोर बोलायची रीत नाही. मी डोक्यावर पदर घ्यायची आणि नातीकडून निरोप धाडायची. "आजोबांना सांग, चहा झाला." नात शाळेत गेली की पंचाईत. मग मी किटलीकडे बघून म्हणायची, "चहा झालाय." ते खिडकीकडे बघून म्हणायचे, "विहीणबाईंना म्हणावं, साखर कमी." किटली आणि खिडकी यांच्यामार्फत आमचा कारभार बरा चालला होता.

ते पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. पण पोलीस नव्हेत. जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत आस्थापना शाखेत कारकून होते. सगळ्या शिपायांची सेवापुस्तकं त्यांच्या ताब्यात. कोण कधी लागला, कुठे बदली, कुणाला बक्षीस, कुणाला शिक्षा, सगळं त्यांना पाठ. "आम्ही लेखणीवाले पोलीस," असं ते सांगत. चालायचे मात्र परेडवर चालल्यासारखे. खाकी स्वेटर घालत. रोज सकाळी फिरायला निघाले की गावातल्या पोलीस चौकीवरून जायचे आणि बाहेर कुणी शिपाई दिसला की आपलं निवृत्तीचं ओळखपत्र दाखवायचे. ते त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं. तो शिपाई एकदा "ग्रँड" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत नुसतं "बरं". व्याही दोन दिवस खुशीत होते.

एकदा सुनेनं मला भांडी पुसताना सांगितलं. ती लहान असताना तिनं वर्गात सांगितलं होतं, माझे बाबा पोलीस आहेत. मुलांनी खूप दिवस वाट पाहिली. शेवटी बाबा शाळेत आले ते टेरिलीनच्या शर्टात, कापडी पिशवी घेऊन. मुलं हसली. "बाबांनी हसून सोडून दिलं," सून म्हणाली. "पण सव्वीस जानेवारीच्या परेडला ते कायम मागे, हजेरीचा कागद धरून उभे राहायचे. वर्दी कधी मिळालीच नाही ना. कारकुनाला नसते."

मी ताटली पुसत राहिले. त्या दिवसानंतर मी त्यांच्या चहात साखर थोडी जास्त घालू लागले.

त्यांचं पालुपद एकच. "नोंद आहे का?" नात म्हणाली, मला सर्दी झालीय, तर ते म्हणणार, "नोंद आहे का?" कुणी काही भेट दिली तर ती ते वहीत लिहीत. सरकारी नोकरानं भेट घेतली तर कळवायची असते म्हणे. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी लिहीत. "संत्र्याचा मुरांबा, बाटली एक, शेजारीण, किंमत अंदाजे."

ती शेजारीण म्हणजे नोरा.

नोरा ही इथली माझी एकटीची मैत्रीण. मुलाचे मित्र येतात, सुनेच्या मैत्रिणी येतात, त्या माझ्याशी गोड बोलतात आणि आत जातात. नोरा माझ्याकडे येते. दर गुरुवारी मधल्या कुंपणातल्या फटीतून येते, दार न वाजवता आत शिरते आणि स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसते. ती विणते, मी विणते. तिचं मला निम्मं कळतं, माझं तिला काहीच कळत नाही. तरी दुपार कशी जाते ते समजत नाही. मला मुळात बोलायची भीड फार. नोरापाशी ती वाटत नाही, कारण बोलायचंच नसतं.

व्याही आले की ते मध्ये बसून भाषांतर करायचे. तेही कचेरीतलं. नोरा काहीतरी लांबलचक बोलायची आणि हसायची. व्याही खिडकीकडे बघून सांगायचे, "त्या असं नमूद करतात की हवा थंड आहे. तसेच त्यांच्या मांजराने पक्षी मारला."

पहिल्याच उन्हाळ्यात व्याह्यांनी माझी चौकशी केली होती. शाळा सोडल्याचा दाखला आहे का? आहे. इयत्ता? चौथी पास. जन्मतारीख? एक जून. व्याही खूश झाले. त्यांचीही एक जूनच. आमच्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राची एक जूनच असते. शाळेत नाव घालताना गुरुजी जी सोयीची ती तारीख लावत. माझी आई सांगायची की मी थंडीत झाले. व्याह्यांना हे सगळं ठाऊक होतं, तरी ते म्हणाले, "नोंद आहे म्हणजे आहे." आणि हे त्यांनी नोराला सांगितलं. एक जूनला नोरा केक घेऊन आली. केकवर दोघांची नावं. व्याह्यांबरोबर एकाच सुरीला हात लावून केक कापायचा होता. मी पदर इतका पुढे ओढला की फोटोत मी नाहीच, नुसता पदर आहे. व्याही मात्र फोटोत ताठ उभे आहेत.

तर हे असे व्याही. त्यांना इथे खजिना सापडला. इथल्या सरकारनं शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची खानेसुमारी कॉम्प्युटरवर ठेवली आहे, कुणीही बघावी. माणसांनी स्वतःच्या हातानं भरलेले कागद. घरात कोण, वय काय, लिहिता येतं का, सगळं. मुलानं त्यांना ते उघडून दिलं आणि तेव्हापासून त्याला स्वतःचा कॉम्प्युटर मागून घ्यावा लागू लागला. व्याही सकाळी अंघोळ करून, गंध लावून बसत. जेवताना सांगत, "एक बाई दहा वर्षांत सतरा वर्षांनी म्हातारी झाली. पहिल्या खानेसुमारीत वय कमी, दुसऱ्या खानेसुमारीत एकदम जास्त. का? मधल्या काळात म्हातारपणाची पेन्शन सुरू झाली! विहीणबाईंना म्हणावं, माणसं सगळीकडे आपल्यासारखीच."

आणि एका गुरुवारी त्यांनी नोराला विचारलं, "आपले आजोबा?"

नोराच्या दिवाणखान्यात आजोबांचा मोठा फोटो आहे. मिशा, उंच माणूस. नोरा म्हणाली, आजोबा लग्नाआधी अमेरिकेत होते. तिकडे पैसे कमावून आले आणि इथे शेत घेतलं. 

"नोंद आहे का?" व्याही म्हणाले.

नोरा हसली आणि सुयांकडे बघत राहिली. तेव्हा मला काही वाटलं नाही. नंतर आठवलं की तिचे टाके त्या दिवशी सुटले होते, आणि नोराचे टाके कधी सुटत नाहीत.

व्याही कामाला लागले. अमेरिकेच्या बोटींच्या याद्या बघितल्या, आजोबा नाहीत. आईबापांच्या घरच्या खानेसुमारीत बघितलं, तिथेही नाहीत. मग त्यांनी आजोबांच्या लग्नाचा दाखला काढला, आणि तो बघून ते असे उठले की खुर्ची मागे पडली. कुणालाही काही सांगेनात. त्या दिवसापासून गुणगुणत हिंडू लागले. चौकीपुढून जाताना तर त्यांनी चक्क सलाम ठोकला, असं नात म्हणाली.

नोराचा ऐंशीवा वाढदिवस आला. तिच्या घरी सगळं गणगोत जमलं. पुतणे, भाच्या, त्यांची मुलं. थोरला पुतण्या दाराएवढा माणूस. इंग्रजांविरुद्ध लढलेल्यांच्या स्मारकाशी दरवर्षी मिरवणूक निघते, तिच्यात पुढे झेंडा धरणारा तो. आम्हीही गेलो. मी शंकरपाळ्या नेल्या होत्या आणि कोपऱ्यातली खुर्ची धरली होती.

केक झाला आणि व्याही उभे राहिले. खाकी स्वेटरवर कोट. हातात चौकट, कागदात गुंडाळलेली. कागद काढला तर नोराची वंशावळ, त्यांच्या टाकाच्या अक्षरात, आणि वरती आजोबांच्या नावाला सोनेरी चांदणी चिकटवलेली.

"आपले आजोबा," व्याही कचेरीतल्या इंग्रजीत म्हणाले, आणि मुलगा माझ्या कानाशी सांगत गेला, "अमेरिकेत नव्हते. बेपत्ताही नव्हते. आपल्याला कळवण्यास अत्यंत आनंद होतो की ते सरकारी नोकरीत होते! पोलीस कॉन्स्टेबल! कायम!"

कुणी हललं नाही. व्याह्यांना वाटलं, माणसं भारावली. ते आणखी खुलले. खानेसुमारीत आजोबा का सापडत नव्हते ते सांगू लागले. बराकीत राहणाऱ्या शिपायांची नावं लिहीत नसत, नुसती पहिली अक्षरं. पण लग्नाच्या दाखल्यात धंदा लिहिलेला होता, कॉन्स्टेबल. त्यावरून त्यांनी अक्षरं, वय आणि जिल्हा जुळवून, मग सेवेच्या नोंदवहीतून माणूस बरोबर उचलला. उंची, आधीचा धंदा, बदल्या. "नियम किती चोख!" ते म्हणाले. "शिपायाला स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक नाही. लग्न झाल्यावर बायकोच्याही जिल्ह्यात नाही. सासुरवाडीपासून लांब!"

हा नियम मला फार आवडला. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. थोरल्या पुतण्यानं ग्लास खाली ठेवला होता. व्याह्यांनी स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि स्वतःच थांबवल्या.

"आजोबा, स्टॉप," नात म्हणाली.

नोरा उठली. म्हणाली, "ग्रँड. चहा कोणाकोणाला?" आणि आत गेली. चौकट टेबलावर उलटी पडली होती.

घरी आल्यावर मुलानं समजावलं. "बाबा, तेव्हा इथेही इंग्रजांचंच राज्य होतं आणि पोलीस त्यांचे. पुढे स्वातंत्र्याची लढाई पेटली तेव्हा लोकांनी पोलिसांशी बोलणं टाकलं. दुकानदार माल देईनात. ज्या घरांत पोलीस होता, ती घरं अजून ते लपवतात."

"लपवतात?" व्याही म्हणाले. "सरकारी नोकरी?"

"हो."

"पेन्शनची?"

"हो, बाबा."

व्याह्यांनी कोट काढून खुर्चीला लावला. मग म्हणाले, "आमच्याकडे वारलेल्या नोकराच्या जागी अनुकंपावर लागायला माणसं नसलेले बाप दाखवतात. मी यांना असलेला आजोबा फुकट काढून दिला, आणि यांना राग?"

गुरुवार आला. मी दोन कप काढून ठेवले. फटीतून कुणी आलं नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. नोराच्या खिडकीचा पडदा दिसे, कधी तिचं मांजर आमच्याकडे येऊन बसे, पण नोरा नाही. एकदा ती कपडे वाळत घालत होती. मी कुंपणापाशी गेले. तिनं मान हलवली आणि टोपली उचलून आत गेली. मी विणकाम घेऊन बसले तर मला सुई धरवेना. या मुलखात मला हाक मारणारं एकच माणूस होतं, आणि ते आता घरात असून नव्हतं.

व्याही खिडकीकडे बघून म्हणाले, "विहीणबाईंना म्हणावं, वस्तुस्थिती सांगितल्यावर रागावणं योग्य नाही. लग्नाचा दाखला अस्सल आहे."

मला काय झालं माहीत नाही. मी किटलीकडे बघितलंच नाही. पदर घसरला तोही सावरला नाही. "अहो, तिचा आजा होता तो!" मी सरळ त्यांच्याकडे बघून म्हटलं. "तुमची फाईल नव्हती! तिच्या घरातली गोष्ट, तिला न विचारता तिच्याच पाहुण्यांसमोर वाचायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कचेरीत असंच करत होता का? कुणाचंही पुस्तक उघडून चौकात वाचत होता?"

व्याही उभे राहिले. मला वाटलं, आता लेकीकडे तक्रार जाणार. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"नाही," ते म्हणाले. माझ्याकडे बघून, खिडकीकडे नाही. "सेवापुस्तक गोपनीय असतं. एवढ्या नोकरीत एकाचंही बाहेर बोललो नाही. साहेबाच्या बायकोनं विचारलं तरी नाही."

आणि खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं.

संध्याकाळी त्यांनी मला मसुदा वाचून दाखवला. इंग्रजीत लिहिला होता, माझ्यासाठी मराठीत सांगितला. विषय: वाढदिवसाच्या कार्यक्रमात केलेल्या तोंडी निवेदनाबाबत दिलगिरी. निम्नस्वाक्षरीकाराने आपल्या आजोबांचा सेवाविषयक तपशील आपल्या पूर्वपरवानगीशिवाय जाहीर केला. सेवापुस्तक गोपनीय असते हा नियम निम्नस्वाक्षरीकार विसरला. सबब तो दिलगीर असून योग्य त्या शिक्षेस पात्र आहे. कळावे.

"नेऊन द्या की मग," मी म्हटलं. "दहा पावलांवर तर आहे."

"हाती? असं कसं? पोहोच कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी ते पावसात चालत पोस्टात गेले आणि त्यांनी ते पत्र शेजारच्या घराला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. पत्र गावातून निघालं, कुठे कुठे फिरलं देव जाणे, आणि पोस्टमन ते घेऊन आला तेव्हा आम्ही तिघं खिडकीत उभे होतो. मी, व्याही आणि मांजर. पोस्टमननं पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला. आमच्या घराकडे बघितलं. मग नोराच्या घराकडे. नोरानं सही केली आणि दार लावलं.

थोड्या वेळानं कुंपणापलीकडून आवाज आला. मला वाटलं, नोरा रडते. सून ड्युटीवरून नुकतीच आली होती, ती म्हणाली, "आई, त्या हसतायत."

नोरा फटीतून आली ती डोळे पुसत. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. खुर्ची ओढून बसली. "शिक्षा," ती व्याह्यांना म्हणाली, "मला शिक्षा ठरवायला वेळ द्या." मग तिनं डबा उघडला. आत बटणं होती. आजीचा बटणांचा डबा. रंगीत, शिंपल्याची, लाकडी, आणि तळाशी काळी पडलेली थोडी, आजोबांच्या पोलिसी वर्दीची, ज्यांच्यावर तंतुवाद्याचं चित्र आणि मुकुट.

नोरा सांगत होती, सून मला मराठीत सांगत होती. सात वर्षांची असताना नोरानं ती बटणं बाहुलीच्या कोटाला लावली होती. आजीनं थोबाडीत मारली आणि बटणं परत डब्यात टाकली. पण फेकली नाहीत. तेव्हाच नोराला कळलं. जन्मभर तिला वाटत होतं, की आपल्या एकटीलाच माहीत आहे आणि आपण सगळ्या घराला जपतोय. वाढदिवसानंतर थोरल्या पुतण्याचा फोन आला. त्यालाही माहीत होतं. बापानं मरताना सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस. मग भाचीचा आला. तिलाही माहीत होतं. त्या खोलीतल्या निम्म्या माणसांना माहीत होतं आणि प्रत्येकजण बाकीच्यांना सांभाळत बसला होता.

"मग रागावलात कशाला?" व्याह्यांनी विचारलं.

"तुमच्यावर नाही," नोरा म्हणाली. "सत्तर वर्षं तोंड बंद ठेवलं ते फुकट गेलं म्हणून."

आणि तिनं मला विचारलं, चहा आहे का. मी किटली लावली. 

त्यानंतरचे दिवस मजेचे गेले. आमच्या मागच्या दारानं गावातली माणसं येऊ लागली. एकेकटी. टोपी हातात धरून. व्याह्यांना विचारत, माझ्या आईकडच्या एकाचं जरा बघाल का? म्हणजे, तसं काही असलं तर. फक्त मला सांगा. तो पोस्टमनही आला, पत्र नसताना. व्याही आता आवाज न करता बोलत. स्वयंपाकघराचं दार लावून घेत आणि मला म्हणत, "विहीणबाई, गोपनीय आहे." मग मला माझ्याच ओट्यापासून उठून बाहेर जावं लागे. पण सरळ मला म्हणत, खिडकीला नाही.

ते परत निघायच्या आदल्या दिवशी नोरा आली. शिक्षा ठरली, म्हणाली, आणि डब्यातलं एक बटण घासून चकचकीत केलेलं त्यांच्या तळहातावर ठेवलं. हे तुमच्या कोटाला लावायचं, हीच शिक्षा.

व्याह्यांनी बटण उलटून बघितलं. म्हणाले, "पण मी वर्दीतला नव्हतो." मग स्वतःच थांबले. सून पाठमोरी होऊन नळ सोडून उभी राहिली. मी उठले, सुईदोरा आणला आणि कोट त्यांच्या अंगावरून मागून घेतला. वरचं बटण उसवलं आणि ते बटण लावलं. दोरा दुहेरी घेतला. भेटींची वही समोर टेबलावरच होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि परत लावलं.

आता ते येत नाहीत. गुडघे धरतात, विमानात बसवत नाही. सव्वीस जानेवारीला त्यांनी फोटो पाठवला. जिल्ह्याच्या परेडला निवृत्तांनाही बोलावतात म्हणे. मैदान, झेंडा, वर्दीतल्या रांगा, आणि या वेळी व्याही मागे नाहीत, पुढच्या खुर्च्यांत बसलेत. ताठ. तो कोट घातलेला. नोरानं चष्मा लावून मोबाईल डोळ्यांशी धरला आणि बटणावर नेमकं बोट ठेवलं.

त्या बटणावर इंग्रजांचा मुकुट आहे, हे त्या मैदानावर कुणाला माहीत नाही. नोराला आणि मला माहीत आहे. आम्ही दोघी विणत बसतो आणि बोलत नाही.